माशाचा सूर आणि तुझी हाक

आई, आपल्या घरात सध्या एक मासा गातोय. हसू नकोस, आधी ऐक. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटात, हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी काचेची पेटी ठेवलीय आणि तिच्यात हा काळाकुट्ट मासा आहे. सुरीच्या पात्यासारखा चपटा, अंगावर एक खवला दिसायचा नाही, पोटाखाली लांब झालर, ती सारखी लहरत असते, लुगड्याचा काठ वाऱ्यावर लहरावा तशी. तू असतीस तर पहिलं विचारलं असतंस, ह्याचं कालवण कधी करायचं. मीही तेच विचारलं. तर तुझी पणती, म्हणजे माझ्या मुलाची मुलगी, कपाळाला हात लावून म्हणाली, "आजी, हा खायचा नाही, ऐकायचा." आता सगळा जन्म मी स्वयंपाकघरात काढला, मासा ऐकायचा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पोरगी बंगळुरात शिकते. काय शिकते ते मला आजवर नीट माहीत नव्हतं. तिचा बाप सांगायचा, माशांवर काम करते, आणि शेजारणी विचारायच्या, मग काय तलावाचं कंत्राट घेणार का? मी आपली व्हय म्हणून सोडून द्यायची. ह्या सुट्टीत ती आली ती पुण्याच्या दुकानातून हा मासा घेऊनच. पाण्यानं फुगलेली पिशवी मांडीवर धरून रेल्वेत बसली होती, बाळंतपणाहून बाळ आणावं तशी. तिच्या जुन्या शाळेतल्या बाईंनी तिला बोलावलं होतं, पोरांना काहीतरी दाखव म्हणून. आणि पोरीला घाम फुटलेला. कारण हे सगळं ती इंग्रजीत शिकली, इंग्रजीत बोलते, मराठीत सांगायला बसली की गाडी अडते. मला म्हणाली, "आजी, तू चौथीपर्यंत शिकलीस ना? मला चौथीच्याच पोरांना सांगायचंय. तुला कळलं तर त्यांना कळेल." बघ, म्हातारपणी मला परत चौथीत बसवलं. मी खुशीत बसले. तुला आठवत असेल, तिसरीतच मला शाळेतून काढा म्हणून सगळे तुझ्या मागं लागले होते, धाकट्याला कोण सांभाळणार म्हणून. तू म्हणालीस, अजून एक वर्ष जाऊ द्या तिला. त्या एका वर्षाच्या जोरावर मी आज हे लिहितेय. जोडाक्षरं चुकली तर चालवून घे, तुला तरी कुठं वाचता येत होतं.

तर तिनं पाण्यात दोन तारा सोडल्या आणि त्या एका छोट्या स्पीकरला जोडल्या. आणि आई, आवाज आला. एकच सूर, लांबच लांब, शिट्टीसारखा म्हणावा तर शिट्टीला श्वास लागतो, ह्याला तोही लागत नाही. थांबतच नाही. मासा खातोय, सूर चालू. मासा निजलाय, सूर चालू. पोरगी म्हणाली, हा त्याच्या तोंडातून येत नाही. ह्याच्या शेपटीकडून तो पाण्यात अगदी हलकी वीज सोडत असतो, डोळ्याची पापणी लवेपर्यंत कितीतरी वेळा, आणि स्पीकर त्या विजेचा आवाज करून दाखवतो. मी पटकन हात मागं घेतला. "शॉक बसंल की गं!" तर म्हणाली, नाही बसत, ही वीज मारायला नाही, चाचपायला आहे. हा मासा मूळचा जिथला तिथल्या नद्या गढूळ, आणि हा हिंडणार अंधारात. लाइट गेल्यावर आपण हात पुढं करून काडेपेटी शोधतो, तसा हा वीज पुढं करून सगळं शोधतो. दगड कुठं, किडा कुठं, आणि आपल्यासारखा दुसरा मासा कुठं. मला ते लई आवडलं. आंधळ्यानं काठी टेकत जावं, तसं ह्याचं चालणं, पण काठी दिसत नाही.

मग तिनं खरी गंमत दाखवली. मोबाइलमधून तसाच आणखी एक सूर काढून तारांनी पाण्यात सोडला. खोटा मासा म्हण. खऱ्याचा आणि खोट्याचा सूर जवळजवळ सारखाच, तर स्पीकरमध्ये नुसती घर्र घर्र सुरू झाली. दोन सूर एकमेकांत गुंतले. आता ह्याला आपलीच वीज ओळखू येईना, पोरगी म्हणाली. आणि मग आई, तो मासा आपला सूर हळूहळू वर न्यायला लागला. वर, आणखी वर, पार दुसऱ्याच्या गुंत्यातून बाहेर निघेपर्यंत. मी टाळीच वाजवली. पोरगी म्हणाली, "थांब, माझं काम पुढं आहे." बराच वेळ तिनं तसंच चालू ठेवलं आणि मग खोटा मासा बंद केला. आता पेटीत हा एकटा. गोंगाट नाही, भांडण नाही. मग सूर खाली यायला पाहिजे की नको? नाही आला. चहा झाला, गवार निवडून झाली, दुपारची झोप झाली, तरी सूर वरच. दुसरा कधीच निघून गेला होता आणि हा आपला त्याच्यासाठी चढवलेला सूर धरून बसला होता.

"का गं असं?" मी विचारलं. तर तिनं कागदावर एक गोल काढला. ही मेंदूतली पेशी. माशाच्या मेंदूत अशा काही पेशी आहेत, त्या ताल धरतात आणि शेपटी त्या तालावर वीज सोडते. पेशीच्या अंगावर बारीक बारीक दारं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणायचं. दुसऱ्या पेशीकडून निरोप आला की दार उघडतं. पण सगळी दारं एका जातीची नाहीत. एक जात झटकन उघडते, झटकन मिटते. तिच्यामुळं त्या लांब सुरात मधूनच क्षणभर चिवचिव उठते. दुसरी जात हट्टी. तिला नुसता बाहेरून निरोप येऊन भागत नाही, त्याच वेळी पेशी आतून जागी असावी लागते. दोन्ही जुळलं तरच ती उघडते. मी म्हटलं, "म्हंजी आपल्या फ्लॅटच्या दारागत की. भाईर कुणीतरी बेल वाजवाय पायजे आन् आत कुणीतरी जागं पायजे. एक असून काय उपेग?" पोरगी हसली आणि तिनं ते लिहून घेतलं. तर ते हट्टी दार उघडलं की त्यातून कॅल्शियम आत शिरतं. मी विचारलं, दुधातलं का? दुधातलंच, म्हणाली. आणि एकदा ते शिरलं की पेशी लवकर पहिल्यासारखी होत नाही, चढलेलीच राहते, आणि सूरही चढलेला राहतो. औषध घालून ती दारं बंद ठेवली तर हे वर राहणं होतच नाही. "मग ह्यो खाली कवा यायचा?" "येईल गं, सावकाश. त्याचा त्याला वेळ लागतो." मी म्हटलं, लई भारी आहे तुझा मासा. आणि त्याला उजेड सोसत नाही म्हणून पेटीवर तुझी चादर टाकली.

ती चादर आठवते का तुला? माझ्या लग्नात दिलेली. तू कामाला होतीस त्या कारखान्यात मागावरून उतरताना तिच्यातलं एक फूल विणायचं राहून गेलं होतं, म्हणून मालकांनी बाजूला काढली होती, आणि तू ती मागून घेतलीस. माझ्या गाठोड्यात घालताना सगळ्या वऱ्हाडासमोर ओरडलीस, "थंडीत काकडशील तवा काढ, उगं ट्रंकंत ठिवू नको!" सासूबाई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, तुझी आई रागावली का गं आमच्यावर? मी म्हटलं, न्हाय, ती बोलतीच तशी. पण आई, खरं सांगू का, माझीही खात्री नव्हती.

तू कधी रागावलेली असायचीस आणि कधी नाही, हे मला लहानपणी कळायचंच नाही. सगळं ओरडूनच. पाणी आण, ओरडून. वेणी घालून घे, ओरडून. मी तापानं फणफणले होते तेव्हा कपाळावर पट्टी ठेवताना सुद्धा असं ओरडलीस, "डोळं मीट!", की शेजारच्या घरातला माणूस बाहेर आला. गल्लीतल्या बाया मला चिडवायच्या, तुझ्या आईनं लाऊडस्पीकर गिळलाय. एकदा तू डबा विसरलीस आणि मी तो घेऊन कारखान्यात आले. पूर्व भागातली ती पत्र्याची शेड. रांगेनं यंत्रमाग, खडाखड खडाखड, पायाखालची जमीन हलतेय. तू कोपऱ्यात बसून कांड्या भरतेयस, मागाला लागणारं सूत नळ्यांवर गुंडाळतेयस. मी जवळ येऊन "आई" म्हणते तर मलाच ऐकू येत नाही. तू वर बघतेस, तोंड उघडतेस, आणि त्या सगळ्या मागांच्या वरून तुझा आवाज येतो, "आलीस व्हय! ऊन लागलं का गं!" मालकीण तेलुगू, ती हसून काहीतरी म्हणाली आणि तूही तिला तेलुगूत तेवढ्याच मोठ्यानं उत्तर दिलंस. तिथं तुझा आवाज मला गोड लागला बघ. तिथं तो मापाचा होता. घरी आलीस की तोच आवाज आपल्या एका खोलीत मावायचा नाही.

आता पाण्याचं सांगते. सोलापुरात नळाला पाणी अजून चार-पाच दिवसांआडच येतं, एवढं एक तू आत्ता आलीस तरी ओळखशील. आणि पाण्याच्या दिवसाची रीतही तीच, तू घालून दिलेली. आधीचं शिळं पाणी ओतून टाकायचं, भांडी घासायची, मग ताजं भरायचं. शिळं पाणी घरात दिसलं की तू भांडंच आदळायचीस. शाळेच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आमची पाण्याची पाळी आली. मुलगा आणि सून नोकरीवर गेलेले. पोरगी शाळेत टेबल कुठं मांडायचं ते बघायला गेलेली. बाल्कनीत एक निळा ड्रम होता, झाकून ठेवलेला. झाकण काढलं तर आत शिळं पाणी. मी निम्मं कुंड्यांना घातलं, निम्मं मोरीत सोडलं, ड्रम लख्ख घासला. नळ आला, ताजं भरून घेतलं. आणि मग माझी नजर पेटीकडं गेली. म्हटलं, हा घरचा पाहुणा. आपण ताजं पिणार आणि ह्याला शिळ्यात ठेवणार? तांब्यानं निम्मं पाणी काढलं आणि ताजं भरलं. तू असतीस तर तूही हेच केलं असतंस.

स्पीकर चालूच होता. सूर आधी थोडा उतरला. मग कापायला लागला. मासा त्याला लपायला ठेवलेल्या नळकांड्यातून बाहेर आला आणि काचेला घासत वरखाली करू लागला. तेवढ्यात पोरगी दारात. चपला न काढता आत आली, ड्रम बघितला, पेटी बघितली, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "आजी, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं गं! ह्याला खवले नाहीत, ह्याचं अंग भाजतं त्यानं. ते उडून जावं म्हणून ड्रममधलं पाणी मी मुरवून ठेवलं होतं." पाण्यात घालायचं थेंबाचं औषध मिळतं म्हणे, पण ते दुकान उघडायला अजून अवकाश होता, आणि तेवढा वेळ माशाकडं नव्हता. "मला शिळं पाणी पाहिजे. आत्ता. एक बादली तरी." आणि रडायलाच लागली. उद्याच्या कार्यक्रमासाठी नाही हं. "मी ह्याला इतक्या लांबून आणला, आजी," एवढंच म्हणत होती.

आता तूच विचार कर. नळ आलेला. अख्ख्या कॉलनीत, दर बाल्कनीत, दर मोरीत, बाया ह्याच घडीला शिळं पाणी ओतत होत्या. खाली गटारीतून ते वाहत चाललेलं मला वरून दिसत होतं. जिने उतरून दारोदार जाईपर्यंत थेंब राहिला नसता. फोन करावा तर पाण्याच्या वेळी फोन कोण उचलतंय? आणि पाणी ओढायला घरोघरी मोटारी लावलेल्या, त्यांची सगळ्यांची मिळून अशी घरघर की शेजारच्या बाल्कनीतलं बोलणं कळू नये. आणि मला तर ह्या घरात हळू बोलायची सवय लावलेली. सून गुणी आहे, पण "आई, जरा हळू, सोसायटी आहे ही" हे तिचं रोजचं. इथं राहायला आल्यापासून मी हळूच बोलतेय. त्या दिवशी मी बाल्कनीत गेले, पदर खोचला, कठडा धरला आणि हाक मारली, "एऽ बायांनोऽ! शिळं पाणी वतू नका गंऽ! हितं मासा मरतोयऽ!" आई, मोटारींच्या वरून गेली हाक. मागांच्या वरून जायची तशी गेली. एकापाठोपाठ तीन हाका मारल्या. समोरच्या बिल्डिंगीतल्या खिडक्या उघडल्या. खालून एक आजोबा ओरडले, "मरतोय तर कालवण करा की, आम्हीबी येतो!" कुणी विचारतेय, "पाणी किती दिवसांचं पाहिजे, मावशी?" कुणी सांगतेय, "माझं चार दिवसांचं आहे, चांगलं मुरलंय!" एरवी घरात शिळं पाणी आहे हे मेल्या कबूल करायच्या नाहीत, आणि आता ज्या त्या आपापल्या शिळ्या पाण्याची तारीफ करतायत. जिन्यात ही गर्दी. बादल्या, कळशा, एकीनं तर कुकरच्या भांड्यातून आणलं. पोरीनं थोडं थोडं करून पाणी बदललं. आम्ही सगळ्या पेटीभोवती उभ्या राहून स्पीकर ऐकत होतो, मंदिरात आरतीची वाट बघावी तशा. सूर कापायचा थांबला. मग सरळ झाला. कुकरवाली म्हणाली, "बाई गं, हा तर खरंच गातो."

सगळ्या गेल्यावर पोरगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. म्हणाली, "एवढा आवाज कुठं ठेवला होतास, आजी?" मी म्हटलं, माझा नाही तो, तुझ्या पणजीचा. आणि मग तुझं सगळं सांगितलं, शेड, कांड्या, एका खोलीत न मावणारा आवाज. ती उठून बसली. "पणजीला ऐकू कमी येत होतं का? मागावरच्या लोकांचे कान जातात." मी म्हटलं, छे, गुळाच्या डब्याचं झाकण उघडलं तर तिला चार घरं पलीकडून ऐकू यायचं. पोरगी माशाकडं बघत राहिली, आणि मीही बघत राहिले, आणि आई, दोघींना एकदमच सुचलं. दिवसभर त्या खडाखडीत तू तुझा सूर चढवायचीस, गुंत्यातून बाहेर पडायला. माग बंद व्हायचे, तू घरी यायचीस, पण सूर तिथंच राहायचा. त्याला उतरायला वेळ लागतो आणि तुला तो वेळ कधी मिळालाच नाही, उजाडलं की परत माग. पोरगी लगेच म्हणाली, "पण आजी, माशाचं माणसाला तसंच्या तसं लावता येत नाही हं. आवाजाचं गणित वेगळं असतं." मी म्हटलं, तू नको लावू. मला लावू दे. मग पोरगीच म्हणाली, तसली हट्टी दारं मात्र आपल्याही मेंदूत असतात, शिकायला आणि लक्षात ठेवायला तीच लागतात.

तेव्हापासून मी तुझं एकेक बोलणं काढून बघतेय. आवाज बाजूला ठेवायचा आणि नुसते शब्द घ्यायचे. ऊन लागलं का. डोळं मीट. थंडीत काकडशील. त्यात राग कुठंच नाही, शोधून सापडत नाही. खरा राग आला की तू काय करायचीस माहीत आहे? गप्प बसायचीस. मी धाकट्याचं दूध चुलीवर उतू घालवलं, तेव्हा तू अख्खा दिवस एक अक्षर बोलली नाहीस, आणि मला वाटलं होतं, आज आई खुशीत आहे! आणि तो दवाखान्यातला शेवटचा दिवस. मी डबा घेऊन आत येते, तू डोळे उघडतेस, आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडतेस, "जेवलीस का गं!" सिस्टर धावत येते, ओ आजी, हळू, बाकीचे पेशंट आहेत. मी कावरीबावरी होऊन म्हणते, व्हय, जेवले. तू परत तेवढ्याच मोठ्यानं, "काय जेवलीस!" पुढं तू बोलली नाहीस. इतकी वर्षं मी ते शेवटचं ओरडणं मनात धरून होते, जाताना सुद्धा आई खेकसून गेली म्हणून. आता ते शब्द माझ्यापुढं धुऊन वाळत घातल्यासारखे स्वच्छ आहेत. बाजरीची भाकरी आणि पिठलं जेवले होते, आई. तेव्हा सांगायचं राहिलं.

काल शाळेत मासा छान गायला. पोरांनी माना लांब करून ऐकलं. एका पोरीनं विचारलं, हा दमत नाही का? एकानं विचारलं, ह्याच्यावर मोबाइल चार्ज होतो का? तुझ्या पणतीनं मराठीत सगळं सांगितलं, कुठं अडली नाही, आणि बेल वाजवणारं बाहेर आणि जागं असणारं आत हे सांगताना माझ्याकडं बघून हसली. मी पुढच्या बाकावर बसले होते, चौथीच्या पोरांत. मला वाटलं, तू बाहेरून हाका मारत राहिलीस आणि मी आत जागी होते, म्हणून तर तू अजून माझ्यात आहेस. सूनही काल सुट्टी काढून आली होती. येताना रिक्षात मी मोठ्यानं बोलत होते, तर ती हळू म्हणाली नाही.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही. तुझ्या चादरीच्या घडीत ठेवणार होते, पण चादर माशावर आहे. तर राहू दे, माझ्या उशीखाली असेल. फक्त एक गोष्ट पोरीलाही सांगितली नाही, ती तुला सांगते. मी पहिली हाक मारली ना, तेव्हाच समोरच्या बिल्डिंगीतली बाई बादली धरून थांबली होती. "आहे माझ्याकडं, मावशी, आणते," असं तिकडून ओरडली. मला स्पष्ट ऐकू आलं. तेवढ्या पाण्यात काम झालं असतं. पुढच्या दोन हाका मी उगाचच मारल्या. तुझा आवाज होता, आणखी जरा ऐकावासा वाटला.